कोपरा फाडलेलं कार्ड

मरणाचं कार्ड टाकून चार दिवस झाले, तरी विशाखेनं खुशालीचं कार्ड काही टाकलं नाही. ते लिहून तयार होतं. तिच्या लेकीनं, कुसुमनं, पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. विशाखेनं ते ज्वारीच्या पिपाच्या झाकणाखाली सारलं, आणि रोज त्याच पिपातली ज्वारी काढून ती दळत होती, भाकऱ्या थापत होती.

हे कार्डांचं प्रकरण आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण पुढच्या पोरांसाठी सांगून ठेवते. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला, की ते मरणाचं बोलावणं समजायचं. मग तो माणूस गेला अशी खोटी खबर जवळच्या नात्यात धाडायची. कार्डाचा कोपरा फाडायचा, म्हणजे हातात पडताक्षणीच अशुभ कळतं. ज्यांना ते मिळेल त्यांनी दाराबाहेरच वाचायचं, मनापासून रडायचं, कार्ड फाडून टाकायचं आणि आंघोळ करूनच घरात शिरायचं. आलेलं मरण त्या रडण्यावर भागतं, असं म्हणतात. इकडून दुसऱ्याच दिवशी खुशालीचं कार्ड सुटतं. आमच्या घराण्यात हे मानत नाही म्हणणारे पुष्कळ होऊन गेले. कार्डं त्यांनीही टाकलेली आहेत.

मार्तंडराव तर मानत नाही असं छापून बसले होते. सोलापूरच्या एका मासिकात त्यांचा कावळ्यावर चार पानी लेख आला होता. कावळा डोक्यावर चोच मारतो तो यमाच्या नोकरीत आहे म्हणून नव्हे, जवळ कुठं तरी त्याचं घरटं असतं म्हणून, असं त्यात साधार लिहिलं होतं. तोच गृहस्थ सोमवारी सकाळी आंघोळ उरकून नांदेडात वजिराबादेतल्या आपल्या अंगणात उघड्या डोक्यानं उभा होता, आणि डोक्याला फडकन काहीतरी लागून गेलं.

"अगबाई," विशाखा म्हणाली. "कावळा शिवला की तुम्हाला."

मार्तंडरावांनी डोकं चाचपलं. मग म्हणाले, "हाव, पाह्यला मी. डोमकावळा होता."

विशाखेच्या हातात दोरीवरून ओढलेला ओला पंचा होता. तो तिनं पाठीमागं घेतला.

आता खरं ते सांगते. मार्तंडरावांना कावळा दिसला नव्हता तसा पंचाही दिसला नव्हता. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि आता तो पुरता पिकला होता. समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. लिहून पोट भरणारा माणूस. बाजारात एकदा कळलं असतं की मुन्शीजींना दिसत नाही, तर दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर कुणी फिरकलं नसतं. म्हणून ते कुणाजवळ बोलत नव्हते. बायकोजवळसुद्धा नाही. "पोरीचं अक्षर चांगलं आहे, तिचा हात बसू दे," असं म्हणून कुसुमला बोरू देत आणि स्वतः सांगत. विशाखा सगळं जाणून होती आणि गप्प होती. हैदराबादेत मोतीबिंदू काढतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तिथं न्यायचं कुणी, डॉक्टराशी बोलायचं कुणी, महिनाभर उशाशी बसायचं कुणी? याला नाव एकच होतं. लातूरचे बापूसाहेब वकील, मार्तंडरावांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

नवरे बोलत नव्हते, पण जावा बोलत होत्या. थोरल्या जावेची, सौदामिनीबाईंची कार्डं शेजारच्या गंगम्माच्या पत्त्यावर येत आणि कुसुम ती चुलीपाशी वाचून दाखवी. पौषातल्या कार्डात बातमी होती, 'इकडून हैदराबादेस दोन्ही डोळे करून आणले. आता पूर्वीसारखे वाचतात आणि पूर्वीसारखेच रागावतात.' त्यावर विशाखेनं उत्तरात आपल्या घरातलं सगळं कळवलं. पुढच्या कार्डात सौदामिनीबाईंनी एकच ओळ लिहिली होती. 'भावजींना कधी कावळा शिवला आहे काय?'

विशाखेनं ती ओळ दोनदा वाचून घेतली, हसली, आणि मग पदर तोंडाला लावून रडत बसली. सरळ लिहिलं असतं, तर दोघा भावांपैकी एकजण नक्की नाही म्हणाला असता. कधी थोरला, कधी धाकटा. मरणाला मात्र नाही म्हणता येत नाही.

*

शुक्रवारी सकाळी अर्धापूरचे किशनराव मार्तंडरावांच्या ओसरीवर बसले होते. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना मंगलाष्टक पाहिजे होतं.

"मुन्शीजी, आमच्या केळीचं नाव त्यात आलं पायजे," किशनराव म्हणाले. "पाव्हन्याला कळू द्या, बाग कोनाची हाय ते."

"येईल की. वधूला केळीच्या गाभ्याची उपमा देऊ. कुसुम, लिही."

"आन् लई लांबवू न्हका. मागल्या साली गंगाखेडच्या लग्नात भटजीलाच दम लागला."

मार्तंडराव हसले. भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ते पहिली ओळ जुळवू लागले. हे काम त्यांना डोळे मिटूनही येत होतं, आणि हल्ली तसंच येत होतं.

काय काय लिहिलं होतं त्यांनी. तालुक्याच्या कचेरीतले उर्दू जाहीरनामे कुणब्यांना कळतील अशा मराठीत उतरवले होते. हिमायतनगरकडच्या नाटकमंडळीला पदं दिली होती, आणि नाटकात राक्षसाचं काम करणारा तोतरा होता म्हणून राक्षसाची सगळी भाषणं गद्यातून काढून गाण्यात घातली होती, कारण गाताना तो तोतरत नसे. बदली होऊन जाणाऱ्या तहसीलदाराला मानपत्र आणि येणाऱ्याला स्वागत, दोन्ही एकाच बैठकीत. दंतमंजनाच्या पुडीवरचा मजकूर. कीर्तनकारांची आख्यानं. पलटणीतल्या नवऱ्यांना बायकांची पत्रं, ज्यात बाई जे बोलली नाही ते नेमकं लिहायचं असतं. स्वतःच्या हौसेचं म्हणाल तर जात्यावरच्या ओव्या जमवायच्या, गोदावरीवर थंडीत येणाऱ्या पाखरांची गावठी नावं टिपायची, आपल्या बोलीत फारसी किती मुरली आहे यावर लेख लिहायचे. हे लेख पुण्या-सोलापूरला छापून येत, पण त्यांवरही 'एक नांदेडकर' एवढंच. मार्तंडराव म्हणून पंचवीस वर्षांत त्यांनी कुठं सही केली नव्हती. लिहिणं दुसऱ्याचं, म्हणून सही दुसऱ्याची, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

दादांना, म्हणजे बापूसाहेबांना, याच गोष्टीचा राग होता. दादांनी लातूरच्या अदालतीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, नोकरी लावून दिली, ती त्यांनी सात महिन्यांत सोडली. तेही चाललं असतं. पण नंतर निलंग्याकडचा ग्यानोबा नावाचा कुणबी जमिनीचा अर्ज लिहून घ्यायला आला, आणि मार्तंडरावांनी तो लिहिला. जो येईल त्याचं लिहायचं, ही रीत. विरुद्ध बाजूचे वकील बापूसाहेब आहेत हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, यावर घराण्यात अजून दोन मतं आहेत. मला विचाराल तर माहीत होतं. ग्यानोबा जिंकला. मुन्सिफांनी भर अदालतीत विचारलं, अर्ज कुणी लिहिला, फार सुरेख आहे. ग्यानोबानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्या दिवसापासून नऊ वर्षं.

आणि आता त्याच दादांना मरणाचं कार्ड. सोमवारी विशाखा म्हणाली होती, "कावळा पाह्यला म्हणता, मग कार्ड नको कसं म्हणता? आणि जवळचं नातं म्हणजे सख्खा भाऊ." यावर काय बोलणार. कावळा नव्हता म्हणावं तर डोळ्यांचा विषय आला. मार्तंडरावांनी मुकाट्यानं मजकूर सांगितला होता. सांगता सांगता जरा वाहवले होते, पण तो धंद्याचा दोष. खुशालीचं कार्ड मंगळवारी गेलं असणार, म्हणजे प्रकरण मिटलं, असं ते धरून चालले होते.

केळीचा गाभा दुसऱ्या ओळीत बसेना म्हणून ते थांबले, आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. टांग्यातून एका बाईनं जो हंबरडा फोडला, तो वजिराबादेत दोन आळ्यांपर्यंत ऐकू गेला.

"भावजी हो, काय केलंत हे, धाकटे असून पुढं गेलात हो."

किशनराव ताडकन उठले. "मुन्शीजी, कोन वारलं वं?"

मार्तंडरावांनी आवाज ओळखला होता. ते भिंतीचा आधार घेत उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.

*

सौदामिनीबाई अंगणात आल्या, ओसरीवर उभे असलेले मार्तंडराव त्यांनी बघितले, आणि गळा एकदम आवरला. इतका एकदम आवरला, की दाराआड उभ्या विशाखेला वाटलं, जाऊबाई नाटकात असत्या तर मंडळी बुडाली असती. त्यांच्या मागून बापूसाहेब आले. धुळीनं माखलेला काळा कोट, हातात काठी. तुळशीपाशी उभे राहून भावाकडं बघत राहिले.

मार्तंडरावांना समोर नुसतं काहीतरी उंच आणि काळं दिसत होतं. पण नऊ वर्षांनी तपकिरीचा तो वास आला.

"दादा," ते म्हणाले.

किशनरावांनी पागोटं नीट केलं. "म्या उंद्या येतो. आष्टकाची घाई न्हाई," असं पुटपुटत ते कडेकडेनं निघून गेले.

बापूसाहेबांनी कुसुमला विचारलं, "लातूरची मोटार किती वाजता आहे?"

"दोनला, काका."

"मग दोनपर्यंत बसतो."

ते ओसरीच्या कडेला बसले. पाणी आणलं ते घेतलं, गुळाला हात लावला नाही. विशाखेनं ते टिपलं. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"खुशालीचं कार्ड मिळालं नाही का तुम्हाला?" मार्तंडरावांनी विचारलं. "मंगळवारी टाकलंय."

"नाही मिळालं."

विशाखा आत गेली, पिपाचं झाकण काढलं, आणि पिठाचे हात लागलेलं ते कार्ड आणून सासऱ्यासमान दिरापुढं जमिनीवर ठेवलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, भिंतीकडं बघत ती बोलली, "टाकलंच नाही. माझ्याकडं होतं. चूक माझी आहे."

"का नाही टाकलं?" हे मार्तंडरावांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजाला धार होती.

"टाकलं असतं तर दादासाहेब आले नसते."

"तिला एकटीला बोलू नका," सौदामिनीबाई पुढं झाल्या. "कावळा माझा. पंचा तिचा. दोघींनी मिळून केलं. काय रागवायचं ते दोघींवर रागवा."

मार्तंडरावांचा चेहरा हळूहळू लाल झाला. आपल्याला बायकांनी, आणि आपल्याच पोरीनं, आपल्याच हातून आपलं मरण लिहायला लावलं, हे त्यांना उमगत होतं. त्याहून वाईट म्हणजे, हे कबूल केलं तर पुढचंही कबूल करावं लागणार होतं. ते ताठ झाले.

"पंचा कसला? कावळा होता," ते म्हणाले. "डोमकावळा. मी डोळ्यानं पाह्यला."

कुसुमनं खाली मान घातली. बापूसाहेबांनी काठी बाजूला ठेवली आणि वकिली आवाजात विचारलं, "रंग?"

"पूर्ण काळा. गावकावळा असता तर मानेत करडा असतो. हा नव्हता."

"बसला की शिवून गेला?"

"शिवून गेला. लिंबाकडं उडाला."

"ठीक. आता मी तुझ्यासमोर तीन हातांवर बसलोय. नऊ वर्षांत माझ्यात काय फरक पडला, सांग."

"केस पिकले."

"छप्पन्न वर्षांच्या माणसाचे पिकणारच. ते न बघता कुणीही सांगेल. आणखी?"

मार्तंडराव घुटमळले. "वाळलात तुम्ही."

"मी वाळलो नाही, मार्तंडा. पोट सुटलंय माझं."

या माणसाला असं उघडं पाडायला आपण बोलावलं का त्यांना, असं विशाखेला वाटलं. ती पुढं होणार, तोच सौदामिनीबाईंनी तिचं मनगट धरलं आणि मानेनंच थांब म्हटलं.

बापूसाहेब सरकून भावाच्या अगदी जवळ आले. त्यांनी मार्तंडरावांचा उजवा हात धरला आणि आपल्या तोंडावर ठेवला. कपाळ, भुवया. मग बोटं थंडगार काचेवर आली आणि थांबली. मार्तंडरावांनी बोटानं काचेची कड चाचपली. पुन्हा चाचपली.

"एवढं जाड भिंग?"

"बाटलीच्या बुडाएवढं. मुलं हसतात गल्लीतली."

"कधी केलं?"

"कार्तिकात. हैदराबादेत. दोन्ही डोळे."

मार्तंडरावांचा हात तिथंच राहिला. लहानपणी विहिरीत उतरण्याआधी विचारायचे तशा आवाजात त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

*

आता बापूसाहेबांचं. हे त्यांनी त्या दिवशी थोडं सांगितलं, आणि उरलेलं पुढं कधी कधी, तपकीर ओढता ओढता.

"दुखत नाही," ते म्हणाले. "नंतरचं वाईट असतं. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावतात आणि मान हलवू देत नाहीत. आठ दिवस. डोळे बांधलेले. तुझी वहिनी चमच्यानं पेज भरवून राहिली होती. त्या आठ दिवसांत माणसाला सगळं आठवतं. नको ते फार."

एवढं बोलून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कार्ड काढलं. एक कोपरा फाडलेला. घडी घालून घालून मध्ये चीर गेलेली.

सौदामिनीबाई दचकल्या. "अहो, अशुभाचं कार्ड ठेवलंत कसं? माझ्यासमोर फाडलंत ना, दारातल्या कोनाड्यापाशी?"

"ते अशिलाचं होतं. हे ठेवलं."

"का हो?"

"वाचायचं होतं परत." त्यांनी चष्मा सारखा केला. "काल संध्याकाळी दारात वाचलं, आणि कट्ट्यावर बसलो तो मला उठता येईना. शेजारच्या मन्मथनं हाताला धरून उठवलं. दुसऱ्यांदा वाचलं ते अहमदपूरला, मोटार पाण्याला थांबली तेव्हा. तेव्हा नीट मोजल्या ओळी. मार्तंडा, मी तीस वर्षं वकिली केली, मरणाची शंभर कार्डं पाह्यली. ज्याच्या घरात माणूस गेलेला असतो ना, तो तीन ओळी लिहितो. तिसरी पण वाकडी असते. तुझ्या कार्डात अकरा होत्या."

मार्तंडराव मांडीवर बोटांनी ओळी मोजू लागले.

"अक्षर पोरीचं. पण नांदेडात आजच्या घडीला असं वाक्य बांधणारा माणूस एकच आहे, आणि त्याच्या एका अर्जानं माझी लातुरात भर अदालतीत फजिती केलेली आहे. मी त्याचं वाक्य ओळखणार नाही?"

"म्हणजे अहमदपूरलाच तुम्हाला कळलं होतं?" सौदामिनीबाईंचा आवाज चढला. "मग तिथून लोह्यापर्यंत आणि लोह्यापासून इथपर्यंत मी रडून राहिले, ते तुम्ही बघत बसलात?"

"चांगली रडून राहिली होतीस. मध्येच कशाला थांबवायचं."

कुसुमला हसू फुटलं आणि तिनं ते वहीत तोंड घालून लपवलं. विशाखाही पदराआड हसली असावी. पण मार्तंडराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कळल्यावर माघारी का नाही गेलात?"

अहमदपूरला, मोटारीच्या पायरीवर बसून बापूसाहेबांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. आधी राग आला होता. भाऊ आपल्याला चार पैशांचा प्रेक्षक समजला, असं वाटलं होतं. मग तो राग हातातल्या हातात निवत गेला, आणि उरलं ते एवढंच, की तो जिवंत आहे. मोटारवाला हाका मारत होता आणि ते पायरीवर बसून आनंदानं रडत होते, आणि बायको समजत होती की दुःखानं.

"नऊ वर्षं तू जिवंत होतास," ते आता म्हणाले, "तेव्हा मी एक मोटार धरली नाही. मेलास म्हटल्यावर पहिल्या मोटारीत बसलो. मध्येच कळलं, आहेस. मग उतरून जाऊ? कोणत्या तोंडानं? मला लाज वाटली, मार्तंडा. बिलकूल खरं सांगतो, लाज वाटली."

*

ऊन तुळशीवर आलं. विशाखेनं चहा केला आणि या खेपेला बापूसाहेबांनी गूळसुद्धा खाल्ला. मग त्यांनी ते कार्ड परत उलगडलं आणि शेवटच्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या.

"'कैलासवासी मजकुरांनी हयातीत हजारो लोकांचे अर्ज लिहिले. एक अर्ज तेवढा लिहायचा राहिला, तो आपल्या नावचा होता.' हा कोणता अर्ज?"

"कसला अर्ज आणि कसलं काय, दादा," मार्तंडराव म्हणाले. "शेवट जमायला पाहिजे म्हणून आलं. लिहिण्याच्या भरात येतं असं."

"मी लहानपणापासून तुझं खोटं ओळखतो. कुसुम, कागद आण."

कुसुम कागद घेऊन आली आणि सवयीनं बाबांच्या बाजूला बसायला लागली. बापूसाहेबांनी तिच्या हातातून टाक घेतला. "पोरीला नको. मी लिहितो. तू सांग."

मार्तंडरावांनी घसा साफ केला. हे काम त्यांचं होतं, आणि कामाला बसलं की त्यांना बरं वाटायचं. पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले. "खिदमतीत मेहेरबान वडीलबंधू, जे आपल्या औदार्यानं आणि विद्येनं लातूर परगण्यास भूषणभूत…"

"काट," बापूसाहेब म्हणाले.

"मायना तर पाहिजे, दादा."

"मायना नको. मजकूर सांग. अर्जदाराला काय पाहिजे?"

लोकांच्या तोंडात मार्तंडरावांनी किती शब्द घातले होते. ज्या बाईला नवऱ्याला 'या' म्हणायला लाज वाटायची, तिच्यासाठी त्यांनी दोन पानं लिहिली होती. ग्यानोबाला साहेबापुढं बोलता येत नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी असं लिहिलं की मुन्सिफ खुर्चीत पुढं सरकले. आणि आता आपल्यासाठी एक शब्द सापडेना. ते मांडीवर बोटं हलवत राहिले, पण त्या मात्रा कशातच बसत नव्हत्या. दारात विशाखा उभी होती. दोन वर्षं ती या एका वाक्याची वाट पाहत होती, आणि ते आज येणार की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"घाई नाही," बापूसाहेब म्हणाले. "मोटार गेली तरी चालेल."

"मला दिसत नाही, दादा," मार्तंडराव म्हणाले.

टाक चालल्याचा आवाज आला.

"पुढं?"

"मला हैदराबादला न्या."

"पुढं?"

"मला भीती वाटते. एकट्याला."

बापूसाहेब लिहीत होते. त्यांचं मराठी अक्षर खराब होतं, सारा जन्म उर्दूत गेलेला. लिहून झाल्यावर ते बघून म्हणाले, "तीन ओळी झाल्या."

सौदामिनीबाईंनी विशाखेच्या पाठीवर हात ठेवला होता आणि विशाखा उघड उघड रडत होती. तिनं ते लपवलंही नाही.

"आता सही कर," बापूसाहेब म्हणाले.

"अर्जनवीस सही करत नाही, दादा. अर्जदार करतो."

"मग कर की."

मार्तंडरावांनी टाक घेतला. त्यांना कागद कुठं संपतो ते कळेना. बापूसाहेबांनी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या अंगाला टेकवलं, आणि ते बोट तिथंच दाबून धरलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मार्तंडरावांनी आपण लिहिलेल्या मजकुराखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सही तिरपी झाली आणि तिसऱ्या ओळीवर चढली. ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग बापूसाहेबांनी कागद आपल्याकडं फिरवला आणि समासात, तीस वर्षं अदालतीत बघितलं होतं तसं, उर्दूत एक शब्द लिहिला. खाली तारीख घातली. शाई वाळू दिली. अर्जदाराला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो शब्द वाचून दाखवला.

"मंजूर."